सोळा अक्षरांच्या आत

एकसष्टीची बाई एकटी काशीला निघाली की लोक आवाज खाली आणून विचारतात, "कोणाचं कार्य आहे?" कराडच्या स्टँडवर विचारलं, पुण्याला गाडीत चढल्यावर विचारलं आणि जबलपूरच्या अलीकडे समोरच्या बाकावरच्या आजींनीही विचारलं. काशीला जायची दोनच कारणं आपल्याकडे लोकांना पटतात, अस्थी नाहीतर पुण्य. मी कंटाळले होते. "बारसं आहे," म्हणून मोकळी झाले.

आजींचा चेहरा उजळला. "अगंबाई! मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. नाव काय ठेवणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा डोळे मिटून घेतले.

खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. कराडच्या ज्या शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तिथं आठ वर्षांपूर्वी आम्ही मुलांचं एक आकाश मंडळ चालवत होतो. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लाखो खडक सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. शाळकरी मुलांनी ते शोधावेत असा एक उपक्रम तेव्हा निघाला होता. मोठ्या दुर्बिणीतून आकाशाच्या एकाच तुकड्याचे चार फोटो काढलेले असायचे, काही काही मिनिटांच्या अंतरानं. ते संगणकावर एकामागून एक दाखवले की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा बारीक ठिपका सरकतो. तो सरकणारा ठिपका हेरायचा. आमच्या मंडळातल्या दोघी फार चिकाटीच्या होत्या, शर्वरी देशपांडे आणि तबस्सुम मुल्ला, दोघीही नववीतल्या. त्यांच्या फोटोंमध्ये असा एक ठिपका सापडला, आणि तो आधी कुणी नोंदवलेला नव्हता.

त्यावेळी गावात केवढं कौतुक झालं! पण असल्या खडकाला लगेच नाव मिळत नाही. आधी मिळतो एक कच्चा क्रमांक. जगभरच्या दुर्बिणी मग वर्षानुवर्षं त्याचा माग काढतात, त्याची वाट पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्यानंतरच शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. आमच्या ठिपक्याला कायमचा क्रमांक मिळाल्याचं पत्र या भाद्रपदात आलं. तोवर मी निवृत्त झाले होते. तबस्सुम कराडमध्येच एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागली होती. आणि शर्वरीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

तिचे वडील रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर. तिच्या दहावीनंतर त्यांची बदली बनारसला झाली. तिथं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मेंदूज्वरानं ती चार दिवसांत गेली. एकोणीस वर्षांची होती.

कागदोपत्री शोध तिच्या नावावर होता. तिचंच नाव द्यायचं, हे मी मनात ठरवून टाकलं. तबस्सुमला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "द्या की बाई." नावासोबत समितीला चार ओळी पाठवाव्या लागतात, हे नाव कुणाचं आणि का दिलं याच्या. त्या ओळी तिच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय लिहिणं मला बरं वाटेना. फोनवर विचारायचा हा विषय नव्हता, म्हणून निघाले.

मंगला गौरी

देशपांडे स्टेशनवर घ्यायला आले होते. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, बाकी चालणं-बोलणं तेच, घाईघाईचं. रिक्षा एका चौकात सोडावी लागली. पुढं गल्ल्या. काशी न पाहिलेल्यांना सांगते, आपल्याकडच्या बोळाला तिथं राजरस्ता म्हणतील. एका ठिकाणी समोरून बैल आला, तेव्हा मी एका तांब्याच्या भांड्यांच्या दुकानात शिरले आणि तो जाईपर्यंत दुकानदारानं मला एक लोटा दाखवूनही घेतला. देशपांडे पुढं निघून गेले होते. वळून पाहतात तर मी नाही. मला शोधत ते परत आले आणि पहिल्यांदाच हसले. "बाई, शाळेत तुम्ही मुलांना हरवू द्यायचा नाहीत," म्हणाले.

मंगला गौरीच्या देवळाच्या मागं एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर ते भाड्यानं राहतात. खाली घरमालक नाना. सात पिढ्यांपूर्वी कोकणातून इथं आलेलं घराणं, स्वतः संस्कृतचे निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. दारातच बसले होते.

"या या. सीढी उंच आहे, डोकं संभाळून. पहिले पाणी प्या, मग बात करू." त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असते की दोन दिवसांनी मीही "जरा रुका" म्हणू लागले होते. त्यांची नातवंडं आजोबांचं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. नाना त्याबद्दल तक्रार करत नाहीत. "घरात बोलतो तोवर आहे," एवढंच म्हणाले.

वर वैशालीताई, शर्वरीच्या आई, वाट पाहत होत्या. ओळख होती, पालकसभेला यायच्या. त्यांनी माझे हात हातात घेतले आणि सोडले. जेवायला चूडा-मटर होता. आपले पोहेच, पण तुपात परतलेले, नवा कोवळा मटार, आलं आणि वर लिंबू. हळद नाही, शेंगदाणा नाही. मी दोनदा घेतला. "आम्ही पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं, पोह्यांना ताप आलाय, पांढरे पडलेत," देशपांडे म्हणाले. "आता घरचे पिवळे पोहे केले तर हिलाच आवडत नाहीत."

जेवणानंतर मी पत्र काढलं आणि सगळं समजावून सांगितलं. देशपांडे ऐकता ऐकता पुढं सरकले. कागदावर लिहायला लागले. "पूर्ण नाव द्यायचं, बाई. शर्वरी देशपांडे. एकत्र."

"त्याला मर्यादा आहे," मी म्हटलं. "इंग्रजी लिपीत लिहितात. जास्तीत जास्त सोळा अक्षरं, आणि शक्यतो एकच शब्द."

ते बोटांवर मोजायला लागले. शर्वरीची आठ, देशपांडेची नऊ. पुन्हा मोजलं. मग पेन्सिलीनं एकेका अक्षराखाली टिंब देत मोजलं. सतरा.

"एकच जास्त आहे," ते म्हणाले. "एका अक्षरासाठी ते अडवतील?"

"नियम आहे. विकत घेता येत नाही, वशिला चालत नाही. राजकारण्यांचं नाव द्यायचं तर माणूस जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात. आधीच्या एखाद्या खडकाच्या नावासारखं वाटणारंही चालत नाही."

"शेवटचा 'ई' काढला तर? देशपांड. नाही... वाईट दिसेल." त्यांनी कागद उलटा केला आणि नव्यानं लिहायला घेतलं. त्यांना उत्साह नव्हता आला, घाई सुटली होती. तीन वर्षांत मुलीसाठी करण्यासारखं पहिलंच काम हाती आलं होतं त्यांच्या.

मी वैशालीताईंकडे वळले. "तुम्ही सांगा. चार ओळींत काय लिहायचं? तिनं हा लघुग्रह कसा शोधला, तिथून सुरुवात करू?"

त्या उठल्या, ताटं गोळा केली आणि आत गेल्या. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

संकठा घाट ते मणिकर्णिका

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर देशपांड्यांनी मला घाटावर नेलं. आमच्या कृष्णेच्या घाटावर नदी समोरून वाहते, माणूस बसून पाहतो. इथं नदी हेच मुख्य रस्त्यासारखं काहीतरी आहे आणि शहर तिच्याकडे तोंड करून उभं आहे. पलीकडच्या तीराला मात्र काहीच नाही, नुसती वाळू. त्या रिकाम्या बाजूनं सूर्य येतो.

पुराचं पाणी ओसरून महिना झाला होता, तरी खालच्या पायऱ्यांवर गाळाचा थर होता. वरून सुकलेला, आतून लोण्यासारखा. संकठा घाटापाशी माझा पाय त्यात गेला आणि मी बसलेच. लागलं नाही, पण साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली. संकठा देवीच्या दर्शनाला निघालेल्या एका बाईनं काही न विचारता आपल्या कळशीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलं, पुन्हा नदीत उतरून कळशी भरून घेतली आणि गेली. माझं "धन्यवाद" तिच्या पाठीला मिळालं.

तिथून मणिकर्णिका जवळच. लाकडांच्या राशी आधी दिसतात. आपल्या गावाकडे स्मशान गावाबाहेर असतं, बायका जात नाहीत. तिथं रस्ता त्याच्या कडेनंच जातो, चहाची टपरी आहे, कुत्री झोपलेली असतात, आणि चिता जळत असतात. मी थांबले नाही. देशपांडे थांबले.

"इथंच," ते म्हणाले. "वरच्या बाजूला होतं ते. सगळे मला सांगत होते, भाग्यवान आहे, काशीत गेली, मणिकर्णिकेवर गेली. ऑफिसातली माणसं, शेजारी. मी हो हो म्हणत होतो." मग म्हणाले, "बाई, माझी ड्यूटी सिग्नलची. धुक्यात गाडी कुठं आहे ते दिसत नाही, पण पॅनलवर लाल दिवा दिसतो, म्हणजे गाडी तिथं आहे. मला तसंच काहीतरी हवंय. ती इथं आहे असं सांगणारं."

परतताना त्यांनी खिशातून कालचा कागद काढला. रात्रीतून आणखी सहा पर्याय लिहिले होते.

नानांचा प्रश्न

दुपारी नाना वर आले. लघुग्रहाची कथा त्यांच्या कानावर गेली होती. कच्चा क्रमांक कसा देतात हे त्यांनी बारकाईनं विचारलं. मी सांगितलं, आधी वर्ष, मग त्या वर्षातला कुठला पंधरवडा त्याचं एक अक्षर, मग त्या पंधरवड्यातला कितवा ते.

"म्हणजे पक्ष!" नाना खूश झाले. "जन्मला कब, ते आधी टिपून ठेवायचं. नाव नंतर. आमच्यासारखंच आहे न. आणि सगळ्यात पहिल्यांची नावं काय होती?"

"सुरुवातीला तिकडच्या देवींची. खडक वाढले, देवी पुरेनात. मग माणसांची, गावांची, नद्यांची."

ते हसले, मग गंभीर झाले. "एक विचारू? बुरा मानू नका. हा पाषाण फिरतो न? एका फेरीला किती दिवस?"

"चार वर्षांहून थोडे जास्त."

"आणि थांबणार कब?"

"आपल्या हिशेबानं कधीच नाही."

"मग पाहा. फेऱ्यातून सुटावं म्हणून दुनिया या गावात येऊन मरते. ती पोरगी या काशीत गेली. सुटली. तुम्ही तिचं नाव घेऊन तिला परत फिरायला लावता?"

त्यांच्या आवाजात वाद नव्हता, काळजी होती. शर्वरी त्यांच्याकडे दोन वर्षं संस्कृत शिकली होती.

देशपांडे खिडकीपाशी उभे होते. वळून म्हणाले, "नाना, मला तिची मुक्ती नको होती. मुलगी हवी होती."

नानांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. वैशालीताई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या नाहीत.

पंचगंगा घाट

आपल्याकडे कार्तिक पाडव्यापासून सुरू होतो. तिकडे कोजागरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच. त्यामुळे दिवाळी झाली तरी त्यांचा कार्तिक अर्ध्यावर आलेला असतो. त्या महिन्यात पंचगंगा घाटावर उंच उंच बांबू रोवतात. प्रत्येकाच्या टोकाला दोरीनं एक वेताची टोपली चढवतात आणि टोपलीत दिवा. आकाशदीप म्हणतात त्याला. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून लावतात. दिवस मावळताना वैशालीताई तिथं निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चला."

त्यांनी टोपली खाली ओढली, पणती ठेवली, वात पुढं केली, पेटवली आणि दोरी हळूहळू ओढत टोपली वर चढवली. दोरी खुंट्याला बांधली. मग आम्ही पायरीवर बसलो.

"मी काल उठून गेले ते रागानं नाही," त्या म्हणाल्या. "बाई, तो ठिपका तिला सापडला नव्हता."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तब्बूला दिसला होता. ही म्हणत होती, फोटोवरचा डाग आहे, सोड. तब्बू म्हणाली, डाग नाही, चारही फोटोंत पुढं सरकतोय. दुसऱ्या दिवशी तब्बू शाळेत आली नाही. तिच्या आईचं ऑपरेशन होतं. तुम्ही वर्गात विचारलंत, कुणाला सापडला? हिनं हात वर केला. घरी येऊन जेवली नाही. मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, उद्या बाईंना सांग. म्हणाली, सांगते. मग पेपरात फोटो आला. मग मीच म्हटलं, जाऊ दे, लहान आहेस." त्यांनी वर टोपलीकडे पाहिलं. "ते मी म्हणायला नको होतं. इथं आल्यावरही वर्षातून एकदा तरी विषय काढायची. यांना माहीत नाही. आता तुम्ही म्हणता, तिनं कसा शोधला ते लिहा. ती दुरुस्त करायला नाही, आणि मी खोट्यावर तिचं नाव चढवू?"

मला तो तास आठवला. हात वर गेला आणि मी मुलांना टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. चार दिवसांनी तबस्सुम आली, फळ्याशेजारी लावलेला अहवाल तिनं वाचला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी ते पाहिलं होतं. घरी आजारपण आहे, म्हणून गप्प असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की शर्वरी धीट, बोलकी, साहेबांची मुलगी. वार्ताहर आले तेव्हा तिला पुढं करणं सोपं होतं. तबस्सुमला विचारायचं माझ्या मनातच आलं नाही. आठ वर्षं आलं नाही.

"चूक तिची होती तशी माझीही आहे," मी म्हटलं. "तबस्सुमशी बोलते."

"आणि यांना?"

"तेही मीच सांगते."

त्याच संध्याकाळी देशपांड्यांना सांगितलं. ते माझ्याकडे आणि बायकोकडे आळीपाळीनं बघत राहिले. "म्हणजे आता तेही नाही," एवढंच म्हणाले. त्यांनी खिशातला कागद काढून चार घड्या केल्या आणि पुन्हा खिशातच ठेवला. सकाळी न जेवता ड्यूटीवर गेले.

तबस्सुम

सकाळी गच्चीवरून फोन लावला. मागं लॅबमधलं कुठलं तरी यंत्र फिरत होतं.

"बाई, इतक्या सकाळी? बऱ्या आहात ना?"

मी सगळं सांगितलं, काही न गाळता. यंत्र थांबल्याचा आवाज आला.

"मला वाटायचं, तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"की मला दिसला होता. आणि तरी तुम्ही तिचं नाव घातलंत. असंच वाटायचं मला."

"नाही गं. मला माहीत नव्हतं. पण विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही."

"बरं." मग म्हणाली, "निरोपसमारंभाच्या दिवशी तिनं माफी मागितली होती माझी. मी म्हटलं, ठीक आहे. ठीक नव्हतं. बनारसहून मेसेज करायची, मी उत्तरच द्यायचे नाही. मग ती गेल्याचं कळलं." तिचा आवाज बदलला. "तुम्ही विचारलंत तेव्हा द्या म्हटलं, ते त्यासाठीच. मला भांडायचं नव्हतं मेलेल्या माणसाशी."

मी तिला नियम सांगितला. शोध तिचा असेल तर नाव सुचवायचा हक्कही तिचा. शोधणाऱ्यानं स्वतःचंच नाव देऊ नये असा संकेत आहे. बाकी तिच्या मनात येईल ते. आईचं दे, गावाचं दे, नदीचं दे. नोंद दुरुस्त करून घ्यायचं पत्र मी त्याच दिवशी पाठवते, असंही सांगितलं. "मला वाईट वाटेल म्हणून काही करू नकोस," म्हटलं. "इथल्या कुणालाच वाटेल म्हणूनही नको."

"दुपारपर्यंत वेळ द्या."

त्या दुपारी आम्ही तिघं तीन ठिकाणी बसलो होतो. नाना खाली, वैशालीताई स्वयंपाकघरात, मी गॅलरीत. जेवणाची वेळ टळून गेली. मधेच नाना पायऱ्या चढून आले, धापा टाकत. मला म्हणाले, "मी काल बोललो ते रात्रभर घोळत राहिलं. श्राद्धात नाव-गोत्र आपण घेतो, गेलेला नाही घेत. जीव गेला त्याच्या रस्त्यानं. नाव आपल्याजवळ ठेवून जातो तो. ते कुठं ठेवायचं, ते आपण पाहावं. मी अडवणारा कोण?" पाणीही न घेता उतरून गेले.

तीनच्या सुमारास फोन आला. तबस्सुम म्हणाली, "बाई, काकू आहेत का? त्यांच्याकडे द्या."

वैशालीताईंनी ओले हात पदराला पुसून फोन घेतला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हं... बोल... नाही गं, कशाला रागावू?... तिनं सांगितलं होतं मला, तेव्हाच... हो... आई कशी आहे तुझी?... हो, तिलाही वाटायचं. फोन बघत बसायची..." त्या भिंतीला टेकल्या. "मी सांगते तुला, तब्बू, ती शेवटपर्यंत म्हणायची, मला नाही, तिला दिसला. रड. रड तू. मी आहे इथं."

कितीतरी वेळानं फोन माझ्या हातात आला.

"शर्वरीच लिहा," तबस्सुमचा आवाज बसला होता. "पण सुचवणारी म्हणून माझं नाव येईल ना?"

"येईल."

"आणि पहिल्यांदा कुणाला दिसला ते?"

"तेही लिहू."

"मग लिहा. नुसतं शर्वरी. आडनावानं मी तिला कधी हाक मारली नाही."

वैशालीताईंना मी विचारलं, "चालेल?" त्यांनी मान हलवली. "आता चालेल. आता कुणीतरी तिला दिलंय ते."

देशपांडे ड्यूटीवरून आले तेव्हा आम्ही त्यांना जेवायला बसवलं आणि मग सांगितलं. ते घास हातात घेऊन थांबले. "मैत्रिणीनं दिलं," असं स्वतःशीच म्हणाले. ते नियमाबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. चार ओळी आम्ही चौघांनी मिळून लिहिल्या, तबस्सुम फोनवर. कितीतरी खोडल्या. शेवटी राहिलं ते इतकंच: शर्वरी देशपांडे ही कराडची विद्यार्थिनी होती. शाळा सुटल्यावर थांबून प्रत्येक फोटो दोनदा तपासायची. काशीत संस्कृत शिकत असताना ती तरुण वयात गेली. हे नाव तिची मैत्रीण तबस्सुम मुल्ला हिनं सुचवलं असून हा लघुग्रह प्रथम तिलाच दिसला होता.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. विश्वनाथाचं दर्शन राहूनच गेलं. गावात आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि मला खाली मान घालावी लागली.

समितीचं काम सावकाश चालतं. होळी होऊन गेली, उन्हं तापली, आणि एके सकाळी यादीत नाव आलं. क्रमांक, त्यापुढं आठ अक्षरं, खाली आमच्या चार ओळी. तबस्सुमला मी लॅबमध्ये जाऊन दाखवलं. तिनं हातमोजे काढले, पडद्यावरची ती ओळ बोटानं न शिवता वाचली आणि म्हणाली, "काकूंना सांगितलंत?"

तिथूनच फोन लावला. वैशालीताईंना मी ओळी मराठीत वाचून दाखवल्या. त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या. शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा.

"देशपांडे कुठं आहेत?" मी विचारलं. "त्यांना लावते फोन."

"नको," त्या लगबगीनं म्हणाल्या. पलीकडून चपला सरकवल्याचा, कडी काढल्याचा आवाज आला. "ते स्टेशनवर आहेत. तुम्ही नका सांगू, बाई. मी जाते. मला सांगू द्या."